माठावरची फळी

"डा," आई म्हणाली.

"डाऽऽ," काळबांडे गुरुजी म्हणाले.

"लांबवू नका. लांबवलं की पाणी सांडतं. डा."

"डा."

"हं. आता 'मला पाणी दे' म्हणा."

गुरुजींनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले आणि काहीतरी म्हणाले. खिडकीच्या गजांना लटकलेल्या पोरी खिदळायला लागल्या. आईने लसणाची परडी गुरुजींच्या पुढ्यात सरकवली. एका चुकीला एक गड्डी, असा तिचा दर होता. सत्तर वर्षांचे गुरुजी निमूटपणे लसूण सोलायला लागले.

ही आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरातली गोष्ट. मेळघाटातल्या मोहगव्हाणची ही शाळा. आई तिथे स्वयंपाकीण होती आणि मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. कोपऱ्यात पाटावर बसून मी वह्या तपासत असायचे. निदान तसं दाखवायचे. खरं म्हणजे गुरुजींच्या पाठोपाठ मीही तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. मी कल्पना दारसिंबे, आईबापाकडून अस्सल कोरकू, आणि मला कोरकू येत नव्हती.

यात माझा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात कोरकू बोलायची नाही हा आईचा कायदा होता. बाबांनी तो एकदा मोडला, तर दोन दिवस त्यांना ताटात नुसती कढी मिळाली. मी बोलायला लागले तेव्हा तिने मला 'आई' म्हणायला शिकवलं. पाचवीपासून तिने मला परतवाड्याला वसतिगृहात ठेवलं. नाव कल्पना ठेवलं, कारण ते कुणाला बदलावं लागणार नव्हतं. तिचं स्वतःचं नाव फुलय. शाळेच्या दाखल्यावर मात्र गुरुजींनी लिहिलेलं पुष्पा. आणि ती बोलायची कशी, तर थेट आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं. आमचे मुख्याध्यापक राऊत सर गमतीने म्हणायचे, "शाळेत शुद्ध मराठी बोलणारी एकच व्यक्ती आहे आणि ती वांगी चिरते." मी कधी विचारलं, "आई, मला आपली बोली का नाही शिकवलीस?" की तिचं उत्तर ठरलेलं. "त्याचा काय उपयोग?"

तर अशा आईने काळबांडे गुरुजींना कोरकू शिकवायला घेतलं होतं. ते कसं झालं ते सांगते.

त्या फेब्रुवारीत शाळेला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. राऊत सरांच्या मनात आलं की पहिल्या तुकडीचा सत्कार करायचा. पहिली तुकडी म्हणजे छत्तीस पोरं. जंगलातल्या पाड्यांवरून आणून आईबापांपासून लांब ठेवलेली. त्यांनी त्या शाळेत काय सोसलं हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नव्हतं. राऊत सर बोलले. "शाळेनं त्यांच्याशी बरं केलेलं नाही, मॅडम. चाळीस वर्षांनी का होईना, शाळेनंच त्यांना बोलवायला पाहिजे." आणि निमंत्रणं वाटायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी राऊत सरांची स्कूटी घेऊन पाडे पालथे घातले. सगळे चहा पाजायचे, पत्रिका उलटीसुलटी करून बघायचे आणि म्हणायचे, "मुंगीलाल येत असंल तर येऊ."

मुंगीलाल म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. सालईढाण्याला राहायचा. जंगलखात्यात मजुरीला होता, उन्हाळ्यात वणवे विझवायचा. हसरा माणूस. दिवाळीला मोहाची नाहीतर चारोळीची पुरचुंडी घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा, माझी खेचायचा आणि जायचा. आई त्याला जेवू घालायची, पण त्याच्यासमोर बसायची नाही. काहीतरी बिनसलेलं आहे एवढं मला लहानपणापासून कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

मी मामाकडे गेले तेव्हा दुपार होती. घशाला कोरड पडली होती. त्याने मला माठ दाखवला. माठावर झाकण म्हणून एक चौकोनी फळी होती. पाण्याने काळी पडलेली, एका कडेला भोक असलेली. मी ती उचलली तर खालच्या बाजूने पांढऱ्या रंगाची अक्षरं पुसटशी दिसली. 'मी शुद्ध', एवढंच वाचता आलं.

"मामा, हे काय आहे?"

"झाकन हाय."

"यावर लिहिलंय काहीतरी."

"लिवनारच. शाळेतलं हाय ना ते," मामा हसला. "तुह्या मायले इचार."

पत्रिका त्याने डोक्याला लावली आणि माझ्या हातात परत दिली. "शाल नको मले. उन्हाळा येऊन राह्यला, शाल घेऊन काय करू? काळबांडे गुरुजी येनार हायेत का?"

"बोलावलंय. शाळेचे पहिले मुख्याध्यापक आहेत ते."

"मंग त्याईले सांगजो. त्याईनं आमच्याशी आमच्या बोलीत बोलावं. चार गोष्टी. जास्त नाई. मंग मी येतो, अन् सारे येतीन."

असं म्हणून तो इतका मोठ्याने हसला की दारातली कोंबडी उडाली. हे काही होणार नाही, याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी परतवाड्याला गुरुजींकडे गेले. ते व्हरांड्यात पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते, तेही पेनाने. मी निरोप सांगितला आणि खुर्चीच्या कडेवर सरकून बसले, म्हणजे ओरडले तर पटकन उठता येईल.

"कोन म्हनते असं?" गुरुजींनी विचारलं. शाळेत शुद्ध भाषेसाठी पोरांना फोडून काढणारे गुरुजी घरी 'मले-तुले'च बोलायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

"मुंगीलाल."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पहिलीतला. फळी घेऊन पळाला होता तो."

"तुम्हाला आठवतो?"

"पळून गेलेली बाकी सारी पोरं मी परत आनली. तो एकटा नाई आला. दोनदा गेलो त्याच्या गावाले. मले पाह्यलं का तो सागाच्या झाडावर चढे. दोन्ही टाइमले. मी खाली उभा, तो वर. संध्याकाळ झाली का मीच वापस." त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "किती दिवस हायेत?"

"बावीस."

"बावीस दिवसांत तिसरीच्या पोराचे पाढे होतात," ते म्हणाले आणि आत जाऊन सुनेला पिशवी भरायला सांगितली.

आमच्या शाळेतले दोन कोरकू शिक्षक त्यांना शिकवायला तयार होईनात. एवढ्या मोठ्या माणसाची चूक कशी काढायची, म्हणाले. शेवटी मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांनी चपला काढल्या.

"पुष्पा," गुरुजी म्हणाले.

आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "इथे पुष्पा नावाचं कोणी नाही."

मला वाटलं, संपलं. गुरुजी उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. तव्यावरची भाकरी फुगली, आईने ती उलटली, खाली घेतली, दुसरी टाकली.

"फुलयबाई," गुरुजी म्हणाले.

"या. तो पाट घ्या," आई म्हणाली. "वही पिशवीत ठेवा. आम्हाला कुठे वही होती? ऐकायचं आणि म्हणायचं."

अशी शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी भाजी चिरायच्या वेळेला. दोन आठवड्यांत शाळेचा महिन्याभराचा लसूण सोलून झाला. मग आईने चिंचा काढल्या. गुरुजींच्या बोटांना इतका वास यायला लागला की राऊत सर त्यांच्याशी लांबून बोलायचे. 'उरा' म्हणजे घर, 'कुला' म्हणजे वाघ, हे शब्द त्यांना पटकन आले. वाक्य म्हटलं की गाडी अडायची. खिडकीतल्या पोरी त्यांच्या चुका एकमेकींना म्हणून दाखवायच्या आणि पोट धरून हसायच्या. एकदा तर त्यांनी 'वाघ घरात आला' म्हणायच्या ऐवजी असं काही म्हटलं की आईलासुद्धा हसू आवरेना. तिने पदर तोंडावर धरला आणि पाठ फिरवली. मला तो अर्थ अजून कोणी सांगितलेला नाही.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. बाकीचे शब्द दोनदा-तीनदा घोकले की आई पुढे जायची. 'डा', म्हणजे पाणी, मात्र ती रोज घ्यायची. सुरुवातीला आणि शेवटी. गुरुजींना तो शब्द झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. तरी ती म्हणायची, "परत." आणि गुरुजी म्हणायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. उद्याच्या जेवणासाठी तांदूळ निवडत होतो. मी म्हटलं, "आई, मामाच्या माठावरचं झाकण पाहिलं मी. तो म्हणाला, तुला विचार."

तिचा हात सुपात थांबला.

"त्यावर 'मी शुद्ध मराठी बोलेन' असं लिहिलं आहे," ती म्हणाली. "त्याला सुतळी होती. जो कोरकूत बोलेल त्याच्या गळ्यात घालायची. मग त्याने दुसऱ्या कोणाला बोलताना पकडायचं आणि त्याच्या गळ्यात घालायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला ज्याच्या गळ्यात राहील त्याला पाच छड्या आणि त्या दिवशी जेवण नाही."

"हे ठाऊक आहे मला."

"पुढचं ठाऊक नाही तुला. मी नऊ वर्षांची होते. त्या दिवशी सकाळपासून फळी माझ्याकडे होती. सगळ्या पोरी माझ्यापासून लांब पळत होत्या, तोंडातून शब्द काढत नव्हत्या. दुपारी मी हापशावर उभी होते. मुंगीलाल आला. त्याला शाळेत येऊन पंधरा दिवस झाले होते, मराठीचा एक शब्द येत नव्हता. उन्हातून खेळून आला होता. मला म्हणाला, डा."

बाहेर पोरी सडा घालत होत्या, गाणी म्हणत होत्या. आईने सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

"आजूबाजूला कोणी नव्हतं, कल्पना. कोणीही ऐकलं नव्हतं. मी फळी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. त्याला ती काय आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. बहिणीने काहीतरी दिलं म्हणून तो हसला. फळी धरून सगळ्यांना दाखवत फिरला. संध्याकाळपर्यंत."

तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सूप हलवायला घेतलं.

"दुसऱ्या दिवशी पहाटे तो फळीसकट पळाला. पुन्हा शाळेत आला नाही. मी सातवी झाले, मला नोकरी लागली. तू शिकलीस. त्याला एक झाकण मिळालं. बोली का नाही शिकवली म्हणून विचारायचीस ना? मला वाटायचं, तुला ती आलीच नाही, तर तुझ्या गळ्यात कोणी काही घालणार नाही. आणि तूही कोणाच्या घालणार नाहीस."

"मामाशी बोललीस कधी यावर?"

"तो तिथे होताच की," आई म्हणाली. "त्याला काय सांगायचं?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून मी फाटकाशी उभी होते. आधी दोघं आले, मग पाच, मग एका ट्रॅक्टरमधून अकराजण. छत्तिसांपैकी हयात होते सत्तावीस, त्यांतले चोवीस आले. बायका नव्या लुगड्यांत, बाप्ये फेट्यांत. पहिल्या रांगेत मांडलेल्या खुर्च्यांवर ते बसेनात, सवयीने सगळे खाली सतरंजीवर बसले. राऊत सरांनी मग पाहुण्यांनाही खाली बसवलं. सगळ्यांत शेवटी मामा आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मी ओळखलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा तसाच. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

गुरुजी बोलायला उभे राहिले. त्यांनी पहिलं वाक्य कोरकूत म्हटलं आणि मांडवात कुजबुज झाली. खिडकीतल्या माझ्या पोरी ओठ हलवत त्यांच्याबरोबर म्हणत होत्या. 'माझ्या लेकरांनो, तुम्ही आलात.' हे बरोबर आलं. 'तुम्ही तुमच्या आईची बोली बोलत होता, मी तुमच्या गळ्यात फळी घातली.' हेही आलं. 'तुम्ही चुकला नव्हता, मी चुकलो.' यात एक गडबड झाली, पण सगळ्यांना समजलं. पहिल्या तुकडीतली एक बाई रडायला लागली.

चौथं वाक्य आलंच नाही.

गुरुजींनी डोळे मिटले. उघडले. आईकडे पाहिलं. मीही मनातल्या मनात शोधलं, पण मलाच ते येत नव्हतं. चार गोष्टी म्हणाला होता मामा, आणि तीनच झाल्या होत्या.

"पुढचं इसरलो, बाप्पा," गुरुजी शेवटी म्हणाले, तेही वऱ्हाडीत. "एका चुकीले एक लसून असते. पन याले लसनानं भागनार नाई."

मामा उठला. सतरंजीवरच्या लोकांमधून वाट काढत पुढे गेला. टॉवेल सोडला आणि फळी बाहेर काढली. ती फळी तिथल्या प्रत्येकाच्या गळ्यात कधी ना कधी पडलेली होती.

गुरुजींनी फळी पाहिली. चष्मा काढून खिशात ठेवला, आणि मामापुढे मान वाकवली.

मामा फळी घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "काय करून राह्यले, गुरुजी? सुतळी नाई तिले. कवाचीच तुटली." गुरुजींची मान तरी वर येईना, तेव्हा तो म्हणाला, "अन् तुमच्या गळ्यात घालून देली, तं मी माह्या माठावर काय झाकू?"

आधी एकजण हसला. मग रडणारी बाई हसली. मग सगळा मांडव हसला, राऊत सर हसले, पोरी तर गजांवरून पडायच्या बेतात आल्या. गुरुजी मान वर करून, डोळे पुसत, हसत होते. मामाने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मंचाच्या कडेला टेकला. कपाळावरचा घाम पुसला. आणि मग त्याने गुरुजींकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"डा," मामा म्हणाला.

आई जागची हलली नाही. तिला हलताच येत नव्हतं. त्या मांडवात तो शब्द सगळ्यांत जास्त वेळा घोकलेला माणूस एकच होता. गुरुजी उठले, कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, तांब्या बुडवून भरला आणि दोन्ही हातांत धरून निघाले. पण मामाकडे नाही. ते दाराशी गेले आणि तांब्या आईच्या हातात दिला.

"तू दे, फुलय," ते म्हणाले.

आईने झारा माझ्याकडे दिला. ती मांडवातून चालत गेली. तिने भावाच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि तो प्यायला. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायला. तांब्या रिकामा होईपर्यंत तो पीत राहिला, आणि त्याला खरंच एवढी तहान असेल असं मला वाटत नाही. मग आई त्याच्या शेजारी बसली. त्याच्याजवळ बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ती त्याच्याशी कोरकूत बोलायला लागली. हळू, अडखळत, मग भरभर. मला त्यातलं थोडंच कळलं. उरलेलं त्या दोघांचं होतं.

त्यानंतर शालीही झाल्या, नारळही झाले. मामाने शाल घेतली, फळी तिच्यात नीट गुंडाळली आणि संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून गेला. गुरुजी आणखी आठवडाभर राहिले. चौथं वाक्य पाठ झाल्याशिवाय परतवाड्याला जाणार नाही म्हणाले, आणि पाठ झाल्यावर सालईढाण्याला जाऊन मामाला म्हणून दाखवून आले. या वेळी मामा झाडावर चढला नाही. याला आता बारा-तेरा वर्षं झाली. गुरुजी गेले, आई निवृत्त झाली. मी तिसरीला शिकवते, दोन्ही भाषांत.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. भांडी आवरून आम्ही घरी आलो. आई ओट्यावर बसली, पाय लांब केले, भिंतीला डोकं टेकलं. मी दिवा लावत होते.

"डा," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, गुरुजींकडे बघायची तशी, भुवया किंचित उंचावून. मी माठातून तांब्या भरला. मी इतक्या घाईने निघाले की निम्मं पाणी वाटेत सांडलं. ती त्यावरून काही बोलली नाही.

मी पंचवीस वर्षांची होते, आणि माझ्या आईने माझ्याकडे पहिल्यांदा आपल्या बोलीत पाणी मागितलं होतं.